आप्पाची अदलाबदल

ठमी काही खिडकीशी येईना. बेचाळीस दिवस मी रोज सकाळी रताळं घेऊन उभी राहायचे आणि ही बया तिकडे फळीवर पाठ करून बसायची. मांडीवर एक बूट. साहेबांनी मला शनिवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर ठमी खिडकीशी येऊन औषध घेऊ लागली नाही, तर तिची रवानगी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात.

ठमी आमच्याकडची तरुण ओरांगउटान, आणि आप्पा तिचा बाप. त्याचं पोट आणि रुबाब बघून आम्हीच ठेवलेलं नाव. बघायला येणाऱ्यांच्या हातून आत काय काय पडतं! टोप्या, चष्मे, एकदा तर दातांची कवळी. उतरून आणायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून मी आप्पाला अदलाबदल शिकवली होती. लोखंडी खिडकीवर दोनदा टकटक करून ‘दे’ म्हटलं, की तो पडलेली वस्तू आणून द्यायचा आणि रताळं घेऊन जायचा. कवळीच्या वेळी मात्र दोन रताळी मिळेपर्यंत पठ्ठ्याने मूठ उघडली नव्हती.

दीड महिन्यापूर्वी एक म्हातारे शिंपीकाका पडलेला चष्मा बघायला वाकले आणि कठड्यावरून थेट खालच्या खंदकात गेले. मी खिडकीशीच होते. टकटक केलं आणि ओरडले, “दे, आप्पा, दे!” विचार कसला करतेय? पंधरा वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. आप्पाने काकांची कॉलर धरली आणि त्यांना ओढत माझ्याकडे निघाला. वरून दिसलं ते एवढंच, की शंभर किलोचं जनावर माणसाला फरफटत नेतंय. बेशुद्धीचं इंजेक्शन लागू पडायला दहा मिनिटं जातात. वर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने गोळी झाडली. आप्पा जागीच गेला. नियम तसाच आहे.

तो पहारेकरी माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. लोकांनी त्यांच्या दारावर काळ्या रंगाने ‘खुनी’ लिहिलं. बहिणीने घासून काढलं, तर पुन्हा लिहिलं. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, “मी पाठमोरी होते.” आणि पुढे मिठाची गुळणी धरली. माझी मलाच लाज वाटायची, पण तोंड उघडत नव्हतं. खिडकीवर टकटक करायचे, ‘दे’ मात्र म्हणवत नव्हतं.

शुक्रवारी भावोजी शिंपीकाकांना घेऊन खिडकीपाशी आले. काकांचा हात गळ्यात बांधलेला.

“बाई, माझा बूट मिळेल का?” काका म्हणाले. “एक घरी बसलाय, दुसरा इथे. एकट्याचा काय उपयोग?”

मी ठमीच्या मांडीकडे बोट दाखवलं. काकांनी वाकून तिच्याकडे पाहिलं.

“खाली गुडघाभर पाणी होतं,” ते म्हणाले. “मी पालथा पडलेलो. हात मोडलेला, उठता येईना, नाकातोंडात पाणी. तेवढ्यात कुणीतरी ‘दे’ म्हणून ओरडलं आणि त्या जनावराने मला वर काढलं. चौकशीत सांगितलं, तर म्हणाले भास झाला असेल. कोण ओरडलं होतं हो?”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. “ताई?”

“मी,” मी म्हणाले. “मीच त्याला बोलावलं, भावोजी. तो काकांना मला आणून देत होता. तुम्हाला वरून ते कसं कळणार? मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला लोकांच्या शिव्या खाऊ दिल्या.”

ते टोपी काढून पायरीवर बसले. “थोडा थांबलो असतो तर,” एवढंच म्हणाले.

“थांबला असतात आणि तो चिडलेला निघाला असता, तर हे काका आज बुटाला आले नसते. तुमची चूक नाही. साहेबांना तसं लिहून देते, आजच.”

“आधी तुमच्या बहिणीला सांगा. ‘ताईचा आप्पावर जीव होता, तिला कुणी काही विचारायचं नाही,’ असं म्हणत सगळ्यांशी भांडते ती.”

हे ऐकल्यावर मात्र मला रडू आवरेना. शेवटी काका खाकरले.

“बाई, तेवढं बुटाचं...”

मी डोळे पुसले. दोनदा टकटक केलं. “दे.” मग मोठ्याने म्हणाले, “दे गं, ठमे!”

ठमीने मान वळवली. फळीवरून उतरली आणि रमतगमत, बूट छातीशी धरून खिडकीशी आली. मी रताळं पुढे केलं. तिने ते घेतलं, पण बूट सोडला नाही. पुन्हा हात पसरला. बापाची लेक!

“भावोजी,” मी म्हणाले, “बादलीतलं अजून एक द्या.”

त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही. स्वतःच खिडकीतून पुढे केलं. ठमीने रताळं घेतलं आणि बूट त्यांच्या हातावर ठेवला.