पाच मुंग्या वगळता

निसर्गावर तिचं प्रेम होतं, नाही असं नाही. पण लांबच्या मावशीवर असतं तसं. भेटली की बरं वाटायचं, नाही भेटली तर अडायचं काही नाही. त्यामुळे कलादालनाच्या दाराशी ‘निसर्गाशी तद्रूप झालेल्या चित्रकर्तीचे बारा वृक्ष’ अशी पाटी दिसली तेव्हा तिने आधी मागे वळून पाहिलं, कोणी दुसरी बाई येतेय की काय म्हणून.

मुळात ते बारा वृक्ष नव्हतेच. एकच झाड होतं, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं. लहान पोरीला घेऊन बाहेर पडणं होत नव्हतं, म्हणून दर महिन्याला तेच रंगवलं. आणि तद्रूप वगैरे तर मुळीच नाही. जे काही झालं ते गुंडीच्या जिभेमुळे.

गुंडी म्हणजे तिची मुलगी. गोल, बसकी, शर्टाच्या गुंडीसारखी, म्हणून आजीने ठेवलेलं नाव. आता अडीच वर्षांची आहे. अकरा महिन्यांची असताना तिने निळ्या रंगाची ट्यूब तोंडात घातली. आईने पाहिलं तेव्हा ओठ निळे, हनुवटी निळी आणि चेहऱ्यावर परम समाधान. एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात नवऱ्याचा बूट अशा थाटात ती डॉक्टरांकडे पोचली. डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, “काही होत नाही. दोन दिवस डायपर निळे दिसतील, घाबरू नका.”

डायपर तीन दिवस निळे दिसले. ती सहा महिने घाबरली.

घरातल्या सगळ्या ट्यूबा तिने वाटून टाकल्या. विषाची परीक्षा कोण घेणार! पण चित्रं काढल्याशिवाय तिला राहवेना आणि चाटल्याशिवाय गुंडीला राहवेना. मग तिने असे रंग करायला घेतले की पोरीने चाटले तरी बिघडू नये. पालकाचा हिरवा, बिटाचा गुलाबी, कॉफीचा तपकिरी, जांभळ्या कोबीचा निळा. पिवळ्यासाठी कांद्याची सालं. भाजीवाला पहिल्या दिवशी म्हणाला, “ताई, सालं तुम्ही नेणार आणि कांदे मी ठेवू? उलटं तर होत नाहीये ना काही?” रंग कागदाला धरावा म्हणून खायचा डिंक, आणि वाळल्यावर भेगा पडू नयेत म्हणून चमचाभर मध. प्रत्येक रंग ती आधी स्वतः चाखायची, मग तासभर आपल्याला काही होतंय का ते बघायची, आणि मगच ब्रश बुडवायची.

फ्रिजमधल्या बरण्यांवर तिने चिठ्ठ्या लावल्या होत्या : ‘चटणी नाही, रंग’. तरी नवऱ्याने एकदा झाडाचं खोड गरम दुधात घालून पिऊन टाकलं. काही बोलला नाही बिचारा, दुपारी फोन करून एवढंच म्हणाला, “आजची कॉफी जरा दातांना धरून बसलीय गं.”

तर अशी ही पर्यावरणस्नेही कला. बाराव्या चित्रात झाड मोहराने पिवळंजर्द झालं होतं. कांद्याच्या सालींचा तो रंग फार हट्टी, वाळला की तडकायचा, म्हणून त्यात मध दुप्पट. हे गुणपरीक्षण गुंडीनेही केलेलं होतं. चित्र भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं आणि दर दोन दिवसांनी खालच्या फांद्यांवर, बरोबर गुंडीच्या उंचीला, मोहराला टक्कल पडायचं. तिने तो मोहर पाच वेळा नव्याने रंगवला.

प्रदर्शन चार दिवसांचं होतं, पण तिचा जीव टांगणीला लागला होता तो तिसऱ्या दिवसासाठी. त्या दिवशी अकरा वाजता वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका येणार होत्या. गावातल्या नव्या वाचनालयाच्या बालविभागासाठी चित्रं निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांना पसंत पडली तर बाराही चित्रं तिथल्या भिंतीवर कायमची लागणार. नाही तर पुन्हा घरच्या पलंगाखाली. अडीच वर्षं तिला कोणी विचारलं, “सध्या काय करतेस?” की ती म्हणायची, “सध्या काही नाही.” हे उत्तर तिला आता बदलायचं होतं.

बाईंचा दरारा मोठा. कागदी कपातला चहा दिला म्हणून त्या एका सभेतून उठून गेल्या होत्या म्हणे. ही गोष्ट व्यवस्थापक काकांनी तिला तीनदा सांगितली. काका म्हणजे दालनाचे सर्वेसर्वा. अक्षर मोत्यासारखं आणि ते दाखवायची हौस दांडगी. बाईंवर छाप पडावी म्हणून त्यांनी पाटीखाली आणखी एक ओळ स्वतःच्या मनाने जोडली : ‘या प्रदर्शनात एकाही जिवाला इजा झालेली नाही.’

“काका, हे कशाला?” ती म्हणाली.

“खोटं आहे का?”

“खोटं नाही, पण...”

“मग राहू दे. ओळ वजनदार आहे.”

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दालन बंद व्हायच्या वेळी, तिला खिडकीच्या चौकटीतून निघालेली एक बारीक काळी रेघ दिसली. रेघ चालत होती. भिंतीच्या कडेकडेने अकरा महिने ओलांडून ती थेट बाराव्या चित्रावर चढली होती आणि मोहरात शिरली होती.

ती धावत चित्रापाशी गेली. फुंकर मारली, तर मुंग्या पांगल्या आणि पुन्हा रांगेत लागल्या. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “बघ, तुझ्या चित्राला पहिल्यांदाच रांग लागली.”

“तुला सुचतंय कसं रे? उद्या बाई येणार आहेत!”

“मग फवारा मार.”

“पाटीवर काय लिहिलंय माहीत आहे ना? आणि वास? दालनभर वास येईल.”

नवऱ्याने डोकं खाजवलं आणि मग माळ्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. माळ्यावर, सगळ्यात मागे, तीन पिशव्यांत गुंडाळलेला मुंग्यांचा खडू होता. विषारी म्हणून गुंडीच्या जन्माआधी तो तिनेच तिथे टाकला होता. त्याला वास नव्हता. गुंडी दालनात येणार नव्हती. चारही दिवस तिने आजीजवळ घरीच राहायचं असं पक्कं ठरलं होतं. एक दिवसाचा तर प्रश्न होता.

तिसऱ्या दिवशी ती नऊलाच दालनात हजर झाली. काका खाली चहाला गेले होते. हातमोजे, नाकावर रुमाल अशा जामानिम्यात तिने खिडकीच्या चौकटीला आणि मग भिंतीच्या पायथ्याला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक ठसठशीत पांढरी रेघ ओढली. मग कोपरापर्यंत हात तीनदा धुतले. अकराला पाच कमी असताना चित्रावर एकही मुंगी नव्हती. पायथ्याशी पाच आडव्या पडल्या होत्या, त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही.

बाई बरोबर अकराला आल्या. लहानखुऱ्या, ताठ, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. जानेवारीपासून सुरुवात करून त्या एकेक चित्र भिंगातून बघत सरकू लागल्या. मे महिन्यापाशी त्यांनी पाटी आठवल्यासारखं केलं आणि खाली वाकून रेघेवर भिंग धरलं.

“हे काय आहे?”

तिने काकांकडे पाहिलं. काकांना रेघेविषयी काडीची माहिती नव्हती, पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “ती... ती हद्द आहे, बाई. माणसानं निसर्गाला आखून दिलेली. फार खोल विचार आहे त्यात.”

“असं?” बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या.

ती मान हलवणार, हो म्हणून की नाही म्हणून ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, तेवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला. “अगं सूनबाई, राहवलं नाही बघ! सगळं गाव येऊन गेलं आणि सासूनेच पाहिलं नाही म्हणजे काय? गुंडीपण रडत होती, आई कुठे, आई कुठे. म्हटलं चला.”

सासूबाईंनी कौतुकाने चौफेर पाहिलं आणि पाहता यावं म्हणून गुंडीचा हात सोडला.

गुंडीने एका नजरेत सगळं दालन टिपलं. समोर तिचा पिवळा मोहर होता. पण त्याच्या अलीकडे, जमिनीवर, बरोबर बोटाला सापडेल अशी, नवी कोरी, पिठीसाखरेसारखी पांढरी रेघ होती. गुंडी हसली आणि तर्जनी पुढे करून निघाली.

“गुंडेऽऽ!”

पुढे काय झालं ते काका नंतर बरेच दिवस सांगत होते. निसर्गाशी तद्रूप झालेली चित्रकर्ती बाईंच्या बाजूने अशी काही सुटली की बाईंचं भिंग गळ्यात गोल फिरलं. बोट रेघेपासून वीतभर असताना तिने पोरीला कमरेत धरून उचललं आणि समोर पहिलं जे माणूस होतं त्याच्या हातात कोंबलं. ते माणूस म्हणजे बाईच होत्या.

“हात धरा तिचे! दोन्ही! तोंडाकडे जाऊ देऊ नका!”

मग तिने बॅग उलटी केली. आतून ओल्या वाइप्सचं भलंमोठं प्लास्टिकचं पाकीट निघालं, दोन डायपर निघाले, आणि ती गुडघ्यांवर बसून ती वजनदार हद्द खसाखसा पुसायला लागली. एक वाइप, दहा वाइप, वीस. कागदी कपावरून सभा सोडणाऱ्या बाईंच्या पायाशी वाइप्सचा ढीग साचला.

“अगोबाई,” सासूबाई वाकून म्हणाल्या, “हा तर आपल्या माळ्यावरचा मुंग्यांचा खडू!”

काका पाटीकडे सरकले आणि ती अंगाने झाकता येते का ते पाहू लागले.

“हो,” ती पुसता पुसता म्हणाली. आता बोलायचंच तर सगळंच बोलावं. “खडूच आहे. सकाळी मीच ओढला. चित्रावर मुंग्या चढत होत्या, आणि तुम्ही येणार होता. आणि बाई, मी तद्रूप वगैरे काही नाही. आमच्या घरी डायपरसुद्धा हेच, फेकायचे. हे रंग मी निसर्गासाठी केलेच नाहीत. ही पोरगी दिसेल ते चाटते, म्हणून केले. झाडही एकच आहे, बारा नाहीत.” आणि मग आठवून, “तिचे हात धरलेत ना?”

“धरलेत,” बाई म्हणाल्या. गुंडी आता त्यांचं भिंग चाटत होती.

सासूबाई तोवर कुठूनशी बादली घेऊन आल्या होत्या. “सरक. वाइपने काय होतंय? तीन पाणी मारायला हवीत.” सासू-सुनेने मिळून दालनाची ती भिंत आणि खिडकीची चौकट तीन पाण्यांनी धुतली. बाई स्टुलावर गुंडीला मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्या उठून का जात नाहीत हे कोणालाच कळेना. विचारायची छाती नव्हती.

फरशी वाळते न वाळते तोच खिडकीतून पहिली मुंगी आली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि बहुधा मागे निरोप धाडला. पाव तासात रांग पुन्हा बाराव्या चित्रावर.

“आल्या,” ती हताशपणे म्हणाली.

बाईंनी गुंडीला सासूबाईंकडे दिलं आणि त्या चित्राला भिंग लावून बसल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेंड्याजवळचा मोहर डोळ्यांदेखत विरळ होत होता.

“पिवळ्यावरच का?”

“त्यात मध दुप्पट आहे. नाही घातला तर तडकतो.”

बाईंनी करंगळी जिभेला लावून ओली केली, मोहरावर टेकवली आणि पुन्हा जिभेला लावली. काकांनी डोळे मिटून घेतले.

“दुप्पट नाही, तिप्पट आहे,” बाई म्हणाल्या. “रंगात मध कोणी इतका घालतं का? ह्यांचा काय दोष?”

“माझं चुकलं.”

“बालविभागात सहा वर्षांखालची चाळीस मुलं येणार आहेत. त्यांच्यातली निम्मी चाटणार, हे मी समितीत पहिल्या दिवसापासून सांगतेय, कोणी ऐकत नाही. काच लावली तर फोडतील. मला ही चित्रं हवीत. अकरा अशीच द्या. हे बारावं पुन्हा काढा, बिनमधाचं.”

“पण बाई, भेगा पडतील.”

“पडू देत. झाडाला पडतात, मला पडल्यात, तुलाही पडतील. आणि वाइप्स कमी वापरत जा.” हे शेवटचं त्यांनी तिच्याच बॅगेतून भिंग पुसायला एक वाइप घेत सांगितलं.

तिचे हात अजून ओलेच होते. ते कुठे पुसावेत हे न कळून ती तशीच उभी राहिली. सासूबाईंनी पदर पुढे केला.

काका मात्र पाटीसमोर अडून बसले होते. “ही ओळ आता खोडावी लागणार. आणि इतकी सुंदर ओळ!”

“कशाला खोडायची?” सासूबाई म्हणाल्या. “आता धुतलं की सगळं. आता खरीच आहे ती.”

“कशी खरी? सकाळच्या पाच गेल्या ना. तुम्ही धूत होतात तेव्हा मी मोजल्यात.” काका प्रामाणिक माणूस. त्यांनी टाक काढला आणि मोत्यासारख्या अक्षरात ओळीच्या सुरुवातीला बारीक भर घातली : ‘पाच मुंग्या वगळता’.

इकडे गुंडी आजीच्या हातातून निसटून चित्रापाशी पोचली होती. खालची फांदी तिच्या ओळखीचीच होती. तिने जीभ बाहेर काढली.

“गुंडे, नाही!” आई ओरडली.

सगळे दचकून तिच्याकडे बघायला लागले.

“अगं, चाटता यावं म्हणून तर वर्षभर कांदे सोलत होतीस,” सासूबाई म्हणाल्या.

“ते खरं आहे हो आई,” तिने पोरीला उचलून घेतलं, “पण त्याला मुंग्यांचे पाय लागलेत!”

बाई इतक्या जोरात हसल्या की रांगेतल्या दोन-चार मुंग्या खाली पडल्या. गुंडी हसली नाही. आईच्या खांद्यावरून ती टक्कल पडलेल्या मोहराकडे आणि तो तोंडात धरून खिडकीकडे निघालेल्या रांगेकडे बघत होती.

“माझं होतं,” ती मुंग्यांना म्हणाली.