सापळ्याचा खोकला

खोकायचंच असेल तर बांधावर जाऊन खोका, ठकीच्या तोंडावर खोकू नका, असं म्हणत कारभारणीने सकाळीच भांडण काढलं. ठकी म्हणजे तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली हरणी. सापळ्या म्हणाला, माणसाचं दुखणं जनावराला लागत नसतं. जन्मभर सापळे लावून त्याला जनावरांतलं सगळं कळत होतं. एवढंच तेवढं कळत नव्हतं.

ठकीची मात्र तक्रार नव्हती. सापळ्या रोज चाऱ्याची पाटी घेऊन खोकतच यायचा. तो खोकला कानावर पडला, की ती रानात कुठंही असो, उड्या मारत हजर.

त्याच सुमारास डॉक्टरीणबाई आल्या. माणसांचे आजार रानातल्या जनावरांत शिरलेत का, ते त्यांना बघायचं होतं. हरणं धरायची, नाकात काडी फिरवायची, सोडून द्यायची. धरायच्या कामावर सापळ्याला नेमलं. पण ऊन असं, की ढेकळं तव्यासारखी तापलेली. हरणं कुठल्या दरीत जाऊन बसली कोण जाणे. सापळ्या कंटाळला आणि त्याने घरची ठकीच पुढं केली. तिचं डोकं काखेत धरून नाकात काडी फिरवू दिली, वर मनसोक्त खोकला.

निकाल आला. ठकीला माणसाचा आजार झाला होता.

बाईंनी ओट्यावर बसून हळू आवाजात समजावलं. हरणी कळपात गेली तर आजार पसरेल, तिथं रूप पालटेल आणि आणखी वाईट होऊन माणसांत परत येईल. तेव्हा तिला मारावं लागेल.

"तिला दिला कुणी हा आजार?" कारभारणीने विचारलं.

"बहुतेक काकांनीच, मावशी."

"मग काकांचं काय करणार?"

"काकांनी गरम पाणी प्यावं."

"म्हणजे दुखणं रेड्याला नि डाग पखालीला," कारभारीण म्हणाली. "आणि रेडा बसलाय बिडी ओढत."

सापळ्याने बिडी विझवली.

बंदूकवाला उजाडल्यावर येणार होता. त्याआधीच कारभारणीने ठकीचं दावं सोडलं आणि तिला रानाकडे हाकललं. ढेकूळ मारलं, ठकीला वाटलं, खेळ आहे. ती परत आली. मग कारभारणीने धोंडा उचलला. तो पायावर बसला, तेव्हा ठकी लंगडत गेली. घरात येऊन कारभारीण नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आज रानात खोकलात, तर या घरात तुमच्यासाठी चूल पेटणार नाही."

ठकीला शोधायला निघालेल्या मंडळींना सापळ्याने मुद्दाम भलत्याच बाजूला, उजाड माळावर फिरवलं. बंदूकवाला घामाघूम होऊन खाली बसला. बाईही म्हणाल्या, नाही सापडत, चला परत. त्यांना बरंच वाटलं असावं.

तेवढ्यात वावटळ उठली आणि धूळ सापळ्याच्या घशात गेली. त्याने मुंडाशाचा शेव तोंडात कोंबला. मनगट चावलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज काढला नाही. बंदूकवाला भला माणूस. त्याने पाठीवर थापटलं. "खोका की काका. अडवू नये. छातीत बसतं."

सापळ्या खोकला.

माळाच्या कडेच्या झुडपातून ठकी लंगडत आली आणि चारा शोधत तिने त्याच्या ओंजळीत तोंड घातलं. तोंड तिथंच होतं, म्हणून नेम धरायला सोपं गेलं.

परतताना बाईंनी त्याला खोकल्याची बाटली दिली. घरी चूल विझलेली होती आणि कारभारीण भिंतीकडे तोंड करून बसली होती. सापळ्याने थंड पाण्याबरोबर औषध घेतलं. खोकला गेला, तो पुन्हा आला नाही. औषध खरंच चांगलं होतं.