शिडाला पोट हवं

वेणूबाईंनी तीस वर्षं स्वारगेटजवळ ताडपत्र्या आणि मांडव शिवले, आणि तीस वर्षांत त्यांना एकही शहाणा माणूस भेटला नाही. शोधायलाही त्या कधी लांब गेल्या नाहीत. मूर्ख म्हणायला घरातलेच पुरत होते.

मुलगा वैजनाथ, त्याला दुकानात सायबर कॅफे काढायचा होता. चार डबे मांडायचे आणि त्यांच्यापुढे रिकामटेकडे बसवायचे. याला म्हणे धंदा!

अशात मुंबईहून माणसं आली. तिथल्या बंदरात 'जलराणी' नावाचं दोन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज होतं. शंभरी उलटली तरी लोखंडी बोटींच्या गर्दीतून अजून वाऱ्यावर चालणारं. त्याचं मोठं शीड फाटलं होतं, आणि जाड सुती कापड हाताने शिवणारं तिकडे कोणी उरलं नव्हतं. तसंच नवं शिवून घ्यायला ते फाटकं शीड ती माणसं बरोबरच घेऊन आली होती.

"बघ," वेणूबाई वैजनाथला म्हणाल्या, "शंभर वर्षांचं लाकूड चालतंय, आणि तुला तीस वर्षांचं दुकान म्हातारं वाटतं. पहिल्या वाऱ्यात माझं शीड भरलं, तर त्या डब्यांचं नाव काढायचं नाही. नाही भरलं, तर किल्ली तुझी."

नात उत्कर्षा कॉम्प्युटर शिकत होती. तिने फाटकं शीड पसरून मापं घेतली आणि कापायच्या आराखड्याचा मोठा कागद छापून आणला. त्यावर एक रेघ सरळ असेल तर शपथ.

"ही काय सापाची चाल? तुझा कॉम्प्युटर दारू पितो का गं?"

"आजी, जुनं शीड तसंच आहे. कडा बाहेर, सांधे वाकडे."

"ओढून ओढून सैल पडलंय ते. साठीला तुझी कंबरही तशीच दिसेल."

वेणूबाईंनी कागद बाजूला सारला, पट्टी लावली आणि सगळं सरळ कापलं. मांडव कसा, वर थेंब साचता कामा नये, असा ताठ. शीडही तसंच झालं.

रविवारी बंदरात ते डोलकाठीवर चढलं. वारा आला, शीड पाटासारखं सपाट उभं राहिलं, आणि जहाज पुढे जायचं सोडून आडवं सरकू लागलं. शेजारच्या बोटीतली माणसं दात काढून हसली.

जहाजाचा म्हातारा तांडेल सोनबा मान वर करून म्हणाला, "बाय, मांडव झकास झालाय. लगीन कोणाचं?"

वेणूबाई शिडाची खालची कड चाचपू लागल्या.

"वारा ठेवायला शिडाला पोट लागतं, बाय. हे तर उपाशी."

वैजनाथ समुद्राकडे बघत राहिला; तेवढी अक्कल त्याला होती. वेणूबाईंनी कनवटीची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली.

"धर. आणि मयताला आल्यासारखं तोंड करू नकोस." मग नातीकडे वळल्या. "तो सापाचा कागद आणलायस?"

उत्कर्षाने पर्समधून त्याची घडी काढली.

"आणणारच. आजीवर भरवसा कुठे असतो हल्ली!"

दोन दिवस वेणूबाई नांगरलेल्या जहाजावर दाभण घेऊन बसल्या. उत्कर्षा कागद वाचायची. त्या शिवण उसवायच्या, सांध्यांची टोकं आत दाबून मधे झोळ ठेवायच्या, पुन्हा शिवायच्या. मधूनमधून कॉम्प्युटरला शिव्या द्यायच्या, पण माप दोनदा विचारून घ्यायच्या.

तिसऱ्या सकाळी शीड चढलं आणि नवव्या महिन्यातल्या बाईसारखं गरगरीत फुगलं. जहाज दोन आगबोटींच्या मधून नाक वर करून निघालं. सोनबाने सुकाणू सोडलं नाही, पण वेणूबाईंकडे बघून मान तेवढी झुकवली.

वैजनाथने किल्ली पुढे केली. "आई, भरलं की."

"दुसऱ्या वाऱ्यात. मी पहिल्या म्हटलं होतं. आईचा शब्द पुसायला निघालास? ठेव."

"मग दुकान?"

"मांड तुझे डबे. दाराशी एक डबा उत्कर्षाचा, त्याला लागून माझं शिवणाचं मशीन. पुढचं छोटं शीडही विरलंय, मी बोट लावून पाहिलंय." त्यांनी दाभण पदराला पुसली. "आणि तुझ्या गिऱ्हाइकांना सांग, माझ्या कापडावर पाय द्यायचा नाही. बसून राहणाऱ्यांना तेवढं तरी जमेल."