बंद बटणाचा उजेड

मुलाने जुना दिवा बदलायला पलंगाशेजारी शिडी लावली, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि छतावरचा दिवा विझलेला पाहून त्याचं समाधान झालं. वीज बंद करणं म्हणजे त्याच्या मते एवढंच. पलंगावर पडलेल्या बाबांचा जीव मात्र तिथेच टांगणीला लागला.

या खोलीचं वायरिंग बाबांनी स्वतःच्या हाताने केलं होतं. चार तारा जोडायला वायरमन कशाला, असं म्हणणाऱ्यांपैकी ते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले. बटण त्यांनी नको त्या तारेवर बसवलं. त्यामुळे बटण बंद केलं की दिवा विझायचा खरा, पण छतातल्या तारेत वीज तशीच राहायची. हे त्यांना कळलं तेव्हा ते स्टुलावरून थेट जमिनीवर आले होते. घरात कुणाला बोलले नाहीत. बायको आधीच 'आमचे इंजिनियर' म्हणून टोमणे मारायची, तिच्या हाती आयतं कोलीत कोण देणार? आपण हात लावताना बाहेरचा मेन स्विच पाडायचा आणि सवड मिळाली की तारा बदलायच्या, असं ठरवून ते मोकळे झाले. ती सवड यायच्या आत बायको गेली, मग अर्धांगाचा झटका आला आणि बाबांची वाचा आणि उजवी बाजू घेऊन गेला.

आता बोलायला उरला होता डावा हात आणि पलंगाचा लोखंडी दांडा. सुनेने भाषा ठरवून दिली होती: एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे लघवीचं भांडं. एवढ्या दोन शब्दांवर त्यांचं चाललं होतं. चादर आजवर एकदाही ओली झाली नव्हती, आणि सून शेजारणीला ते कौतुकाने सांगायची. बाबा ऐकायचे आणि मनातल्या मनात छाती फुगवायचे.

मुलगा वर चढला. ॲल्युमिनियमची शिडी, पायात काही नाही. खाण तशी माती, दुसरं काय.

बाबांनी एक ठोका दिला. सून पाणी घेऊन आली, चमच्याने पाजलं, तोंड पुसलं. त्यांनी डोळे मोठे केले आणि दाराबाहेरच्या मेनकडे फिरवले, पुन्हा फिरवले. तिने खिडकी उघडली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

वर मुलाने दिव्याची काच उतरवली. गंजलेले स्क्रू कुरकुरत सुटायला लागले. बाबांनी दोन ठोके दिले.

"बाबा, पाच मिनिटं धरा. एवढं काढतो आणि देतो भांडं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बाबांनी तीन ठोके दिले, चार दिले, मग हात सोलवटेपर्यंत दांडा बडवत राहिले. मुलगा वरूनच हसला. अगदी लहान मुलासारखी घाई करता हो, म्हणाला. दिवा आता नुसत्या तारांवर लोंबत होता. मुलाने खिशातून पक्कड काढली. पक्कडही बाबांचीच, मुठीवरचं रबर कधीच झिजून गेलेलं.

हाक मारता येत नव्हती, उठता येत नव्हतं. आपल्याच हातचं पाप पोराच्या हातात जाताना बघायचं, एवढंच बाकी होतं. बाबांनी डोळे मिटले आणि इतके दिवस धरून ठेवलेलं सोडून दिलं.

आधी चादर भिजली, मग गादी, मग फरशीवर टपटप सुरू झालं. मुलाने खाली पाहिलं, पक्कड खिशात कोंबली आणि भराभर उतरला. बायकोला हाक मारून दोघांनी मिळून त्यांना पुसलं, कपडे बदलले. बाबांनी त्याचं मनगट धरलं ते सोडेचनात. आत नाडी ठणठणीत उडत होती.

"चुकलं माझं," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तुम्ही सांगत होता, मीच ऐकलं नाही."

त्या दिवशी तो पुन्हा शिडी चढला नाही. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने रीतीप्रमाणे आधी मेन पाडला, नवा एलईडी दिवा बसवला, मेन चढवला आणि पुढच्या कामाला गेला. जुन्या तारा तपासायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच दिवशी घरात डायपरचं पुडकं आलं. बाबांचं आता तेही गेलं, असं सुनेने शेजारणीला हळू आवाजात सांगितलं. हळू सांगितलेलं बाबांना नेहमीच ऐकू यायचं.

दुपारी तिने त्यांना डायपर बांधला, पडदे ओढले आणि बटण बंद केलं. दिवा विझला, पण पुरता नाही. आत फिकट उजेड तसाच राहिला. बटण बंद असूनही तारेत वीज आहे, हे दिवा आता स्वतःच सांगत होता, आणि ते कळणारा घरात एकच माणूस होता.

"बंद केला तरी मिणमिणतो," सून म्हणाली. "बरंच झालं, बाबांना अगदीच अंधार नको."

"चांगल्यातला आहे," मुलगा म्हणाला. "दहा वर्षं बघायला नको, असं खोक्यावरच लिहिलंय."

दहा वर्षं. म्हणजे दहा वर्षांनी हा पुन्हा शिडी लावणार, बटण बंद करून वर चढणार, आणि तेव्हा खाली हा पलंग रिकामा असणार.

बाबांनी दांड्यावर एक ठोका दिला. सून पाणी घेऊन आली.