विहिणीसाठी वशिला

नात झाली तेव्हा टेलरबाईंनी दुकानाचं शटर ओढलं, मशीनवर चादर टाकली आणि त्या मुलाच्या घरी राहायला गेल्या. दार उघडलं ते विहीणबाईंनी. त्या आदल्याच दिवशी येऊन दाखल झाल्या होत्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, म्हणून त्यांना सगळे मास्तरीणबाईच म्हणत. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत बाळ आणि बाळाचे आईबाप, दुसरीत या दोघी.

मुलांनी लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरांत रडारड झाली होती, कारण दोघांचे धर्म वेगळे. पुढे सगळं निवळलं, पण विहिणींवर एका छपराखाली राहायची वेळ कधी आली नव्हती. खोलीला खिडकी एकच, आणि उजाडताना दोघींनाही तिथेच बसून प्रार्थना करायची असे. पहिल्या सकाळी "आधी तुम्ही", "नको, तुम्हीच" करता करता ऊन वर आलं आणि दोघींचीही प्रार्थना राहिली. दुसऱ्या दिवसापासून एकमेकींकडे पाठ करून दोघी एकदमच बसू लागल्या.

बाकी कामात मात्र छान जमलं. टेलरबाई जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवत, मास्तरीणबाई त्यांच्या काटकोनात घड्या घालत. वाद व्हायचा तो देवावरून, आणि तो रोज व्हायचा.

"दोन नि दोन पाच म्हणणारा माणूस भला असेल," मास्तरीणबाई म्हणायच्या, "पण उत्तर चारच."

"मी कुठे नाही म्हणते?" टेलरबाई दोरा दाताने तोडत म्हणायच्या. "चारच. फक्त ते माझ्याकडे आहे."

एकदा मुलगा मध्ये पडला. "कशाला वाद घालता? सगळे रस्ते शेवटी एकाच ठिकाणी जातात."

दोघी एकदम त्याच्याकडे वळल्या.

"तू कुठल्या रस्त्याने जाऊन आलास रे?" आईने विचारलं.

"जावईबापू, जो उंबऱ्याबाहेर पडतच नाही, त्याला सगळे रस्ते सारखेच," सासूबाई म्हणाल्या.

मुलगा चहाचा कप घेऊन गॅलरीत सटकला. टेलरबाईंना मात्र विहिणीचं ते उत्तर फार आवडलं. दिवसभर आठवून त्या गालातल्या गालात हसत होत्या. आणि रात्री पाठ टेकल्यावर त्यांच्या एकदम मनात आलं. एवढी लाखातली बाई, आणि वाट चुकलेली. शेवटी हिचं होणार कसं? सकाळी खिडकीपाशी त्यांनी आपल्या देवाकडे तिच्यासाठी हळूच शब्द टाकला, आणि मग रोजच टाकू लागल्या.

एका दुपारी त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मास्तरीणबाईंना वाटलं, झोप लागली. त्यांना ऐकू जरा कमी यायचं, त्यामुळे त्यांचं पुटपुटणंही खणखणीत असे.

"तिला अडवू नकोस," त्या खिडकीकडे तोंड करून म्हणत होत्या. "तुझ्या दारात विचारशील तेव्हा ती भलतंच नाव सांगेल, हट्टी आहे. पण बाळ रडलं की माझ्याआधी उठते. ते तुझंच काम आहे. तिला ते माहीत नाही, एवढंच."

टेलरबाई ताडकन उठून बसल्या. "मला माहीत नाही? आणि भलतं नाव म्हणजे?"

मास्तरीणबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, पण त्या मागे हटल्या नाहीत. "मला तसंच वाटतं. खोटं कशाला बोलू?"

"अहो, मला न विचारता मला तुमच्या देवाच्या घरात..." टेलरबाई बोलता बोलता अडखळल्या. आज सकाळी त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं? मग म्हणाल्या, "मीसुद्धा तुमच्यासाठी तेच सांगते. आमच्याकडे. रोज."

"माझ्यासाठी?" मास्तरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण मी तुमच्यातली नाही."

"लागलं ना? मलाही अस्संच लागलं."

आधी मास्तरीणबाईंचे खांदे हलले, मग टेलरबाईंना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघी हसल्या. सून बाळाला घेऊन धावत आली.

"काय झालं?"

"तुझ्या आईने तिच्या देवाकडे माझा वशिला लावलाय," टेलरबाई म्हणाल्या.

"आणि तुझ्या सासूने माझा, तिच्या देवाकडे."

"बरं झालं की," सून म्हणाली. "म्हणजे देव कुणाचाही खरा निघाला तरी तुम्ही दोघी एकत्रच असणार."

हे दोघींपैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या चांगल्यासाठी कुणीतरी रोज देवापाशी हटून बसतं, तेही आपलं म्हणणं तसूभर न सोडता, याचं टेलरबाईंना मनापासून अप्रूप वाटलं.

"तरी एकीचं चुकतंय, हे उरतंच," मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"उरतं ना. तुमचं."

सुनेच्या कुशीतल्या बाळाने डोळे उघडून आजीकडे बघितलं. कुठल्या आजीकडे, यावर लगेच नवा वाद सुरू झाला.

संध्याकाळी दुकानाच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, ब्लाऊज कधी मिळणार म्हणून.

"अजून आठवडाभर तरी थांबा," टेलरबाई म्हणाल्या. "विहीणबाई काही केल्या ऐकत नाहीत, आणि मला इथून हलवत नाही."