वॉर्ड चार-बची एकुलती एक मतदार

कुणी कुणाला मत दिलं असेल हे ओळखायचा आर्डिस क्वामीला भारी नाद. निवडणुकीच्या दिवशी हॅमरच्या टाउन हॉलमध्ये चर्चच्या बायका ॲपल पाय विकायला बसतात, त्या टेबलामागची खुर्ची तिने सत्तावीस वर्षं सोडली नव्हती. पडद्याआडून बाहेर येणाऱ्याचं तोंड बघायचं, पायचा तुकडा त्याच्या हातात द्यायचा आणि मनाशी ठरवून टाकायचं. कुणीही तिला खरंखोटं सांगायला बांधील नव्हतं, त्यामुळे आपण एकदाही चुकलो नाही अशी तिची पक्की खात्री होती.

ऑगस्टमध्ये एके दिवशी गावचा क्लार्क ड्वेन बोलिन तिच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. ड्वेन टोपी काढतो ती फक्त मयताला, म्हणून आर्डिसने आधी विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. राज्याच्या सिनेटचे नवे मतदारसंघ आखलेत ना, त्याचं सांगायला आलोय. आपलं हॅमर चोवीस नंबरात गेलं."

"ठाऊक आहे. पेपरात आलंय."

"सगळं हॅमर गेलं. तुझं घर सोडून."

घोळ ओढ्याने घातला होता. त्र्याण्णवच्या पुरात विलो ओढ्याने वाट बदलली. आधी तो आर्डिसच्या घरामागून वाहायचा, तेव्हापासून पुढून वाहायला लागला. गावाची हद्द राहिली जुन्या पात्रावर. राजधानीत बसलेल्या शहाण्यांनी मतदारसंघाची रेघ ओढली नव्या पात्रावरून. दोन्हींच्या मधल्या चतकोर जमिनीवर आर्डिसचं घर, तिच्या कोंबड्या आणि तिच्या नवऱ्याने मरण्याआधी अर्धवट रंगवलेली बोट.

"म्हणजे मी तेविसात?"

"एकटी. तुझा वॉर्ड चार-ब. मतदार एक."

आर्डिस हसून हसून खांबाला टेकली. "माझ्या एकटीसाठी वेगळी मतपत्रिका छापणार तुम्ही?"

"छापावीच लागणार." ड्वेन मात्र हसला नाही. "आणि निकाल वॉर्डवार लावावा लागतो, आर्डिस. टाउन हॉलच्या दारावर. कायदाच आहे."

तो गेल्यावर भांडी घासता घासता तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि हातातली कढई तशीच राहिली.

गोष्ट अशी होती. तेविसातून सिनेटला उभा होता कर्टिस रॉनिंग. कर्टिसची आई लवॉन ही आर्डिसची पहिलीपासूनची मैत्रीण, ओढ्यापलीकडे ब्रँडलला राहणारी. कर्टिसच्या बाप्तिस्म्याला त्याला हातात धरून उभी होती ती आर्डिसच, त्याची धर्ममाता. आणि याच कर्टिसने काउंटीच्या बोर्डावर बसून गेल्या वर्षी काउंटीचा वृद्धाश्रम विकायला हात वर केला होता. विकत घेणारे वसंतात इमारतीला कुलूप लावणार आणि म्हाताऱ्यांना नव्वद मैलांवर हलवणार, हे आता सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात आर्डिस एकोणीस वर्षं रांधत होती. पक्षाघाताने लुळा पडलेला ऑरिन, म्हणजे लवॉनचा नवरा, कर्टिसचा सख्खा बाप, तिथेच खाटेवर होता.

कर्टिसला मत द्यायला तिचा हात धजणार नव्हता. आणि नाही दिलं तर ते दारावर लागणार होतं.

गावाला तर आयता विषय मिळाला. शुक्रवारी क्लबात तळलेले मासे खायला सगळं गाव जमतं. तिथे आर्डिस ताट घेऊन बसली की कुणीतरी सुरू करायचं.

"काय आर्डिस, तुझ्या वॉर्डात हवा कुणाची आहे?"

"मतदारांमध्ये अजून एकमत नाही."

"एकीमध्येसुद्धा?"

"एकीमध्येच जास्त भांडणं असतात, बाबा. तू मासे खा."

दुसरी उमेदवार नडीन पेट्रोस्की. तिच्याकडून एक पोरगी प्रचाराला आली, दोन मिनिटं बोलली आणि यादीवर खूण करत म्हणाली, "वॉर्ड चार-ब पूर्ण झाला!" आर्डिसने तिला अंडी बांधून दिली. हसू तिलाही येत होतं. पण त्याहून जास्त तिला कुतूहल होतं, की या पिंजऱ्याला कुठे एखादं तरी दार असेल का? एके सकाळी तिने ड्वेनचं ऑफिस गाठलं.

"मी मतच दिलं नाही तर?"

"मग लागेल, मतदान शून्य."

"फक्त सिनेटची जागा कोरी सोडली तर?"

"तेही दिसेल."

"मला दुसऱ्या एखाद्या वॉर्डात मिसळून टाक ना. कुणाला कळतंय!"

"हॅमरमध्ये तेविसातला दुसरा वॉर्डच नाही. काउंटीला विचारलं, राज्याला विचारलं. ते म्हणाले, प्रश्न फार मजेदार आहे."

"आणि उत्तर?"

"उत्तराचं त्यांनी काही म्हटलं नाही."

मग तिने वरची खोली शाळेच्या नव्या बँडमास्तरला भाड्याने द्यायचा घाट घातला. मतदार दोन झाले असते. पण रात्रभर कूस बदलत तिने हिशेब मांडला तेव्हा कळलं, की दोघांची मतं सारखी पडली तर दोघंही उघडे पडणार, आणि वेगळी पडली तर तो तिचं ओळखणार, ती त्याचं. शिवाय मास्तर ट्रम्पेट वाजवायचा. तो बेत तिने सोडून दिला.

लवॉनला सरळ सांगून टाकावं, हे तिला कळत होतं. तीनदा फोन लावला. एकदा बटाट्याच्या सलाडबद्दल बोलली, एकदा गुडघ्यांबद्दल, आणि तिसऱ्यांदा लवॉननेच विचारलं, "तुला काही सांगायचंय का गं?" तर म्हणाली, "नाही, सहजच." अशा वेळी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ऑक्टोबरात कर्टिस आला. पोर्चवर बूट झटकत म्हणाला, "मावशी, चार-बमध्ये सभा घ्यायला आलोय. गर्दी बरीच दिसतेय."

"ये. श्रोत्यांनी कॉफी ठेवलीय."

तो बसला. पोरगा वाईट नव्हता, हीच तर अडचण. आश्रमाचं छत गळतं, नर्स मिळत नाहीत, तीन वर्षं काउंटी नुसतीच ढकलते आहे, हे सगळं त्याने तिला पुन्हा एकदा समजावलं. त्यात खोटं काही नव्हतं.

"मग नर्स शोधायच्या, कर्टिस. माणसं नव्वद मैलांवर नाही टाकायची."

"शोधल्या गं. तू काय समजतेस, बाबांना तिकडे पाठवताना मला बरं वाटतंय?" तो कपाकडे बघत राहिला. "मी मत मागत नाहीये. दर गुरुवारी तू त्यांना स्वतःच्या हाताने भरवतेस, मला माहीत आहे. मी आईसाठी बोलतोय. माझ्या धर्ममातेचंच मत मला नाही, असं दारावर लागलं की चर्चमध्ये आईला बसणं मुश्कील होईल. तुझ्या शेजारी तर नक्कीच."

आर्डिसने त्याचा कप पुन्हा भरला. "तुझ्या आईचं मी बघेन."

"म्हणजे ठरलंय तुझं?"

"मतदान गुप्त असतं, बाळा."

दोघंही हसले. मग दोघंही एकदमच हसायचे थांबले.

निवडणुकीच्या दिवशी ॲपल पायच्या टेबलामागे तिच्या खुर्चीत दुसरीच कुणीतरी बसली होती. ड्वेनने वेगळ्या पाकिटातून वेगळी मतपत्रिका काढून दिली आणि हॉलमधली कुजबुज बंद पडली. पडद्याआड आर्डिसने पेन हातात घेतलं. ऑरिन चमचा जवळ आला की डोळे मिटून तोंड उघडतो. बाप्तिस्म्याच्या वेळी पाणी डोक्यावर पडलं तेव्हा कर्टिसनेही अगदी तसंच तोंड उघडलं होतं. तिला रडू आलं, आणि रडत रडतच तिने पेट्रोस्कीपुढचा गोल काळा केला. बाहेर आली तेव्हा पाच बायका तिचं तोंड वाचत होत्या. हे बघणं किती अघोरी असतं ते तिला त्या दिवशी समजलं.

सकाळी दारावर कागद होता. वॉर्ड चार-ब: पेट्रोस्की एक, रॉनिंग शून्य. कर्टिस मात्र सबंध मतदारसंघात नऊशे मतांनी निवडून आला होता. आर्डिसने कागद एकदाच वाचला, गाडीत बसली आणि थेट ब्रँडलला गेली.

लवॉन स्वयंपाकघरात होती. टेबलावर फोन सारखा वाजत होता.

"कागदाचा फोटो आला मला," लवॉन म्हणाली. "सहा जणांनी पाठवला."

"आधी सांगायला हवं होतं मी तुला."

"हवंच होतं."

"जीभच रेटली नाही गं. माफ कर."

लवॉनने फोन उचलला, "हो, हो, फार अभिमान वाटतोय," म्हणाली आणि ठेवला. मग आर्डिससमोर कॉफीचा कप ठेवून त्यात साय घातली, आर्डिसला लागते तेवढीच.

"आमच्या वॉर्डात तीनशे ब्याण्णव मतं पडली," ती म्हणाली. "पेट्रोस्कीला एकशे एकाहत्तर."

"बरीच पडली."

"बरीच. त्यातलं माझं कुठलं, ते कुणाला सापडायचं नाही."

आर्डिसचा कप तोंडापर्यंत गेलाच नाही. लवॉन तिच्याकडे न बघता टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करत होती.

"ऑरिनचा हात धरून बसले होते सोमवारी. त्याला बोलता येत नाही, पण कळतं सगळं. खिडकीकडे बघत होता नुसता." तिचा आवाज फाटला. "पोटचा पोरगा आहे गं माझा. मी त्याचं पोस्टर अंगणात लावलं होतं."

आर्डिसने तिचा हात घट्ट धरला. फोन पुन्हा वाजला. त्यावर कर्टिसचं नाव होतं. लवॉनने मान हलवली, हलवतच राहिली, आणि फोन टेबलावरून आर्डिसकडे सरकवला.

"अभिनंदन, कर्टिस," आर्डिस म्हणाली. "आर्डिस बोलतेय. आई आंघोळीला गेलीय."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला आणि मागचा गलका थांबला.

"बघितलं मी दारावरचं," कर्टिस म्हणाला. "मला ठीक आहे, मावशी. आईला फार लागलं का गं?"

आर्डिसने समोर पाहिलं. लवॉनने तोंडावर पदराएवढा मोठा टॉवेल दाबून धरला होता.

"हो रे," आर्डिस म्हणाली. "माझ्याशी बोलायलाच तयार नाही."