आनंद होऊ द्यायचा नाही, असं ठरलं होतं

सोनोग्राफी होईपर्यंत आनंद होऊ द्यायचा नाही, असं सुनीतीनं ठरवलं आणि नवऱ्याकडूनही तसं कबूल करून घेतलं. टेस्टवर दोन रेघा आल्या होत्या, रक्ताचा रिपोर्टही चांगला होता. पण दोन रेघा तीन वर्षांपूर्वीही आल्या होत्या. तेव्हा गर्भ गर्भाशयात न रुजता नळीतच रुजला, नळी फुटली आणि जिवावर बेतलेलं एका नळीवर निभावलं. म्हणून या वेळी डॉक्टरबाई 'जागेवर आहे' म्हणेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, बाळाला बाळ म्हणायचं नाही, मोबाईलवर पाळणे बघायचे नाहीत. सदाशिव पेठेत वाढलेली मुलगी ती, नियम केला की केला.

आता आनंद आवरणं म्हणजे शिंक आवरण्यासारखं. संभाजी दाढी करताना शीळ घालायचा आणि बायकोनं डोळे वटारले की आरशाकडे बघत गप्प व्हायचा. सुनीती तरी काय कमी होती? खराडीच्या ऑफिसात भर मीटिंगमध्ये तिला उगीच हसू फुटायचं, आणि लगेच ती स्वतःला दटावायची, 'थांब, अजून काही कळलेलं नाही.' तीन वर्षं गोळ्या, इंजेक्शनं आणि दर महिन्याची निराशा सोसलेल्या बाईनं आलेलं हसू परतवून लावावं, याला काय म्हणावं!

सगळ्यांत अवघड प्रश्न सासूबाईंचा होता. सोजरबाई लोणी काळभोरच्या, घरची फुलशेती. मागच्या वेळी बातमी कळल्याबरोबर त्यांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले होते, मार्केट यार्डातल्या हमालांनासुद्धा सोडलं नव्हतं. आठवड्याभरात ऑपरेशन झालं, आणि पेढे खाल्लेली तीच माणसं तोंडं पाडून भेटायला आली. सुनीतीची आई श्यामलाबाई, जन्मभर शाळेत गणित शिकवलेली. ती म्हणाली, "ते धरायचंच नाही. नळीतलं ते, त्याला काय मूल म्हणायचं?" लेकीचं मन हलकं व्हावं म्हणूनच म्हणाली बिचारी. सुनीतीनं मान डोलावली. मात्र त्यानंतर लोणीला जायचं म्हटलं की तिला हटकून काहीतरी काम निघायचं.

आणि नेमक्या सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी सोजरबाई डोळे तपासून घ्यायला पुण्यात आल्या. फुलांच्या टेम्पोतून मार्केट यार्डात उतरल्या, आणि त्यांना आणायला दोघं गाडी घेऊन गेले. संभाजीची गाडी एरवी खड्ड्यांवर सूड उगवत जायची. त्या दिवशी ती प्रत्येक गतिरोधकापाशी थांबे, विचार करी आणि मग हळूच पलीकडे उतरे. मागचे रिक्षावाले संभाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. सोजरबाईंनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"संभा, गाडीत दूध सांडतंय का रं?"

संभाजीनं उगीच आरसा नीट केला, सुनीती खिडकीबाहेर बघायला लागली.

"बरं. मला कुनी काय सांगू नगा. मी इचारत बी न्हाय."

आणि खरोखरच त्यांनी विचारलं नाही. जेवताना घास गिळायची उसंत न घेता बोलणारी बाई, पण रात्री दिवा मालवेपर्यंत चकार शब्द काढला नाही. त्यांचा जीव किती गुदमरत होता हे बघून सुनीतीलाच दया आली. सकाळी चहा देताना ती म्हणाली, "आई, आज दवाखान्यात चला माझ्याबरोबर." सोजरबाईंनी चहा तसाच ठेवला आणि लुगडं बदलायला उठल्या.

दवाखान्याच्या दारात दोघींना सोडून संभाजी पार्किंग शोधायला गेला. पुण्यात पार्किंग शोधायला गेलेला माणूस कधी परतेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आत बाकावर बसल्यावर सुनीती फाइलची कडा दुमडत राहिली. इतके दिवस आनंदाला दाराबाहेर उभं केलं होतं, पण भीती मात्र खुशाल आत येऊन बसली होती.

"आई, मुद्दाम लपवलं नाही हो तुमच्यापासून," ती हळूच म्हणाली. "मला भीती वाटतेय. मागच्यासारखं झालं तर…"

"त्या पेढ्यांमुळं न्हाय सांगितलंस. म्हाईत हाय मला," सोजरबाई म्हणाल्या. "लोकं बी म्हनली, सोजरे, घाई केलीस. म्या न्हाय केली घाई. आठ दिस का हुईना, आलं हुतं की आपल्या घरात. त्येच्यासाटी मला दुसरं काय करता आलं? पेढं वाटलं, त्येवढंच."

सुनीती त्यांच्याकडे वळली. "पण सगळे म्हणाले, ते धरायचंच नाही."

"म्हनू दे. म्या धरलंय."

बाकावर बसल्या बसल्या सुनीतीला ते आठ दिवस आठवले. संभाजीनं नाव सुचवायचं आणि तिनं नाक मुरडायचं. खिडकीत उभं राहून उगीचच पोटावर हात ठेवायचा. किती सुखात होती ती! कापलेल्या नळीबरोबर ते दिवसही तिनं टाकून दिले होते. का म्हणून? ते सुख काही खोटं नव्हतं. आणि आज सकाळपासून आत जे उसळत होतं तेही खोटं नव्हतं, पडद्यावर काहीही दिसो. तिनं स्वतःचाच नियम मोडला आणि नाव पुकारायच्या आधीच ती मनापासून खूश झाली. भीती गेली नाही, पण जरा सरकून बसली.

डॉक्टरबाईंनी सासूलाही आत येऊ दिलं. पोटावर गार जेल, अंधारलेली खोली, आणि डॉक्टरबाई काही बोलेचनात. सोजरबाई डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होत्या.

"जागेवर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अगदी हवं तिथे. आणि हे बघा, ठोके."

राखाडी पडद्यावर काहीतरी इवलंसं लुकलुकत होतं. सुनीती एकदम हसायला लागली आणि हसता हसता तिच्या कानांपर्यंत पाणी ओघळलं. डोळे तपासायला आलेल्या सोजरबाईंनी जाहीर केलं, "मला लख्ख दिसतंय!"

बाहेर आल्यावर रिपोर्ट हातात येईपर्यंत ती पुन्हा बाकावर टेकली. शेजारी सातव्या-आठव्या महिन्यातली एक बाई बसली होती. दोघींचे चेहरे बघून ती आपणहून हसली.

"सगळं छान ना? पहिलंच का?"

सुनीतीनं सासूबाईंकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "दुसरं."

सोजरबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि संभाजी घामाघूम होऊन दारातून आत येईपर्यंत सोडला नाही.